ट्रायो सोनाटातला चौथा माणूस : कोरेली, चार सुषिर वाद्यं आणि ऑर्गनचा उजवा हात

मंद्रसप्तक
१२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर इथे अधूनमधून धागे येतात, पण प्रत्यक्ष वाजवण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला मदत हवी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं उत्रेख्तला आहे. चाळिशी उलटल्यावर बासून शिकायला घेतलं, म्हणजे लांब लाकडी नळीचं, खालच्या स्वरांचं सुषिर वाद्य. आता आमचा चौघांचा एक छोटा गट आहे: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि माझं बासून. दर गुरुवारी संध्याकाळी एकीच्या घरी जमतो. मोझार्टनंतरचं बरंच काही आमच्या वाद्यांसाठी तयार मिळतं. पण आम्हाला चौघांनाही ओढ बरोकची, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या संगीताची. त्यातही कोरेली, इटलीचा व्हायोलिनवादक आणि रचनाकार. त्याचं संगीत ऐकताना मला नेहमी चुना लावलेल्या स्वच्छ भिंतीवर पडलेलं सकाळचं ऊन आठवतं.

कोरेलीनं १६८१ ते १६९४ या काळात बारा-बारा ट्रायो सोनाटांचे (दोन वरच्या ओळी आणि एक बास अशा रचनांचे) चार संच छापले. मी घेतलाय तो ओपस ३, म्हणजे तिसऱ्या संचामधला दुसरा, डी मेजरमधला. हा संच रोममध्ये १६८९ साली निघाला. नाव ट्रायो, पण वाजवणाऱ्यांसाठी छापलेल्या वह्या चार: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हायोलोने (चेलोसारखं खालच्या स्वरांचं तंतुवाद्य) किंवा आर्चल्यूट (लांब मानेचं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य), आणि ऑर्गन. मला वाटलं, वह्या चार, आम्ही चौघं, झालं काम! फ्लूटला पहिलं व्हायोलिन, ओबोला दुसरं, बासूनला बास आणि क्लॅरिनेटला ऑर्गन.

मग ऑर्गनची वही उघडली. तिच्यात फक्त बासची ओळ असते. डावा हात. स्वरांच्या डोक्यावर ६, ७, ४, ३ असे आकडे. उजव्या हातानं काय वाजवायचं ते लिहिलेलंच नाही. आकडे बघून वाजवणाऱ्यानं तिथल्या तिथे जुळवायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर बासमध्ये ग आहे आणि वर ६ लिहिलंय, म्हणजे त्या ग पासून सहावा स्वर सा, आणि तिसरा प तर हवाच. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा. एवढ्या भांडवलावर ऑर्गनवादक संपूर्ण तुकडाभर उजवा हात चालवायचा.

मी आकडे सोडवून क्लॅरिनेटची ओळ लिहिली. प्रत्येक ठिकाणी जो स्वर कुणाकडेच नाही तो त्याला दिला. कागदावर एकही चूक नव्हती. गुरुवारी वाजवलं आणि चौघंही गप्प झालो. पहिल्या संथ भागात, ग्रावेमध्ये, फ्लूट अर्धा वेळ ऐकूच येत नव्हता. माझा बास सलग अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांचा, श्वास घ्यायला फट नाही. अर्ध्या पानावर माझा स्वर लटपटायला लागला. आणि क्लॅरिनेटची ती मधली ओळ सगळ्यांवर ओल्या घोंगडीसारखी पसरली होती.

कुणी असं काम केलंय का? कुठून सुरुवात करू?

वेताची_पात
१२ जून, रात्री ११:१५

ताई, धागा बघून फार आनंद झाला. मी पुण्यात ओबो वाजवतो, नोकरी सांभाळून.

फ्लूट का हरवतो ते आधी सांगतो. ट्रायो सोनाटातली दोन्ही व्हायोलिनं बरोबरीची असतात. कोरेली त्यांना एकाच उंचीवर ठेवतो आणि ती सतत एकमेकांना ओलांडतात. दोन्ही व्हायोलिनंच असल्यामुळे कोण वर, कोण खाली यानं काही बिघडत नाही. तुम्ही तिथे फ्लूट आणि ओबो बसवलेत. या दोघांचे स्वभाव खालच्या स्वरांत नेमके उलटे. फ्लूट खाली उतरला की मऊ, धूसर होतो. ओबो खाली उतरला की जाड आणि भारदस्त होतो, हळू वाजवायचं म्हटलं तरी ओठ आणि पोट दोन्हींचा कस लागतो. म्हणजे फ्लूटची ओळ ओबोच्या खाली गेली की तो पुसला जाणारच.

दुसरं, श्वास. तुम्ही बासूनच्या श्वासाचं लिहिलंत, पण ओबोच्या श्वासाचं गणितच वेगळं आहे. ओबोच्या तोंडाशी असलेल्या वेताच्या पातीची फट इतकी बारीक की आमची हवा संपत नाही, छातीत साठून राहते. आधी शिळी हवा बाहेर टाकायची, मग ताजी घ्यायची, दोन कामं. फ्लूटवाल्याला एक झटका पुरतो, आम्हाला खरी विश्रांती लागते. तुमच्या ओबोच्या ओळीत मोकळी जागा किती आहे ते मोजा. नसेल तर तुमच्या मैत्रिणीचा चेहरा दुसऱ्या पानापर्यंत लाल झालेला दिसेल.

शुद्धमध्यम
१३ जून, सकाळी ७:०५

मी पेटी वाजवते, पाश्चात्त्य संगीतातलं मला कळत नाही, पण हा धागा आवडीनं वाचतेय. एक शंका. ओळी एकमेकांना ओलांडतात आणि फ्लूट खाली गेला की हरवतो, तर जिथे ओलांडतात तिथे अदलाबदल का करत नाही? वरचा स्वर कायम फ्लूटला, खालचा ओबोला.

मंद्रसप्तक
१३ जून, दुपारी १:३०

शुद्धमध्यमताई, मी नेमकं हेच करून पाहिलं आणि तिथेच माझे हात पोळले. जरा सविस्तर सांगते, कारण ग्रावेचा सगळा जीव याच गोष्टीत आहे.

कोरेलीची ओळखच म्हणावी अशी एक साखळी असते. पहिलं व्हायोलिन सा धरून थांबलंय. दुसरं त्याच्या डोक्यावर रे घेऊन येतं. सा आणि रे एकत्र, टोचतं. मग पहिलं नी वर उतरतं आणि नी-रे असा गोड मेळ होतो. आता पहिलं उडी मारून ग वर जातं. दुसरं अजून रे धरून आहे, पुन्हा टोचतं. मग दुसरं सा वर उतरतं, सा-ग जुळतात. आणि आता दुसरं उडी मारून म वर. दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावरून उड्या मारत जिना चढावीत तसं. याला सस्पेन्शन म्हणतात. खाली माझा बास एकसारखा चालत असतो.

यात ऐकणाऱ्याला काय हवं असतं? ज्यानं स्वर धरून ठेवला, ज्याला टोचलं, त्यानंच खाली उतरायला हवं. मी वरचा स्वर कायम फ्लूटला दिला तेव्हा झालं असं: सा ओबोकडे, रे फ्लूटकडे, सा चा नी ओबोनं केला, इथवर ठीक. मग ग फ्लूटला द्यायचा म्हणून फ्लूटनं धरलेला रे सोडून दिला आणि तो ओबोनं उचलला. रे मध्येच तुटला. टोचण्याआधीच हात सुटला. सगळे स्वर जागच्या जागी होते, पण ऐकताना नुसती वर सरकणारी जोडी ऐकू येत होती. जिना गायब झाला.

मडगांवकर
१३ जून, संध्याकाळी ६:२०

मंद्रसप्तक, छान समजावलंस बाळ. मी व्हायोलिनवाला, आता सत्तरी ओलांडली. लहानपणी गावच्या चर्चच्या संगीतशाळेत सॉल्फेज (नोटेशन वाचून गाणं) आणि व्हायोलिन एकाच बाकावर बसून शिकलो. गोव्यात चर्चच्या त्या शाळांनी कित्येक पिढ्यांना नोटेशन वाचायला शिकवलं. पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतात आमचे लोक अरेंजर म्हणून उभे राहिले, त्याचं मूळ तिथे आहे.

आमचे मास्तर सस्पेन्शन शिकवताना म्हणायचे, यात तीन पावलं: तयारी, टोचणी, सुटका. तीनही एकाच गळ्यातून. अदलाबदल करायचीच असेल तर सुटका झाल्यानंतर करायची, तिच्या आधी कधीच नाही. तुझ्या ग्रावेमध्ये एक साखळी संपून दुसरी सुरू होण्याआधी छोटा मुक्काम, म्हणजे ओळ टेकायची जागा, येतो. तिथे फ्लूट आणि ओबोच्या ओळी अदलून बघ. साखळीच्या आत हात घालू नकोस.

आणखी एक सुचवतो. वरच्या दोन ओळी ओबो आणि क्लॅरिनेटला देऊन पाहिल्यास का? मग फ्लूट मधल्या ओळीला, एका सप्तकानं वर. पण बरोबरीच्या जोडीला बरोबरीची वाद्यं हवीत हे खरं. मिळालाच तर दुसरा ओबो शोध.

तळटीप
१३ जून, रात्री १०:५०

सुंदर चर्चा. क्लॅरिनेटच्या घोंगडीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तो आहे, आणि त्याचं उत्तर कोरेलीच्या मुखपृष्ठांवर आहे.

ओपस १ आणि ३ हे चर्चमधले सोनाटा. ओपस ३ च्या मुखपृष्ठावर दोन व्हायोलिनं, व्हायोलोने किंवा आर्चल्यूट, आणि ऑर्गनसाठी बास असं स्पष्ट छापलंय. ओपस २ (१६८५) आणि ओपस ४ (१६९४) हे दिवाणखान्यातले. ओपस २ वर काय छापलंय? दोन व्हायोलिनं आणि व्हायोलोने *किंवा* चेंबालो. चेंबालो म्हणजे हार्पसिकॉर्ड. हा 'किंवा' फार मोलाचा आहे. म्हणजे तिथे तंतुवाद्याचा एकटा बास पुरेसा मानला होता. ओपस २ किंवा ४ घेतलात तर फ्लूट, ओबो, बासून या तिघांतच काम भागतं, भर घालायचा प्रश्नच येत नाही.

पण तुम्ही ओपस ३ घेतलाय, आणि तिथे सोबतीला ऑर्गन आहे. हार्पसिकॉर्डचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो. ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत तसाच उभा राहतो, कारण ऑर्गन म्हणजे भात्याच्या हवेवर वाजणाऱ्या शेकडो नळ्या. ऑर्गन हेच मुळात सुषिर वाद्य आहे! त्यामुळे क्लॅरिनेटनं लांब स्वर धरणं ओपस ३ मध्ये चूक नाही, उलट मूळ आवाजाच्या जवळ जाणारं आहे. बिघडलं असेल ते स्वरांच्या लांबीनं नाही. त्यानं कोणत्या उंचीवर आणि कोणते स्वर धरले ते सांगाल का?

आणि बाखचंही एक उदाहरण देतो. याच ओपस ३ मधल्या चौथ्या सोनाटातला एक विषय, म्हणजे मुख्य धून, घेऊन त्यानं ऑर्गनसाठी फ्यूग लिहिला (एकच धून आवाजांनी एकामागून एक उचलायची अशी रचना); बाखच्या कृतींच्या सूचीत तो BWV ५७९. कोरेलीचे तीन आवाज, बाखनं चार केले आणि तुकडा दुपटीहून लांब झाला. चौथा आवाज कुठून आणायचा हा तुमचा प्रश्न बाखनंही सोडवला होता. त्यानं चौथा आवाज भरणा म्हणून आणला नाही. त्यालाही विषय दिला.

मंद्रसप्तक
१४ जून, सकाळी ८:१०

तळटीप, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'ऑर्गन हेच सुषिर वाद्य' हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

क्लॅरिनेटची ओळ मी दोन्ही वरच्या ओळींच्या लगेच खाली ठेवली होती, मधल्या सी च्या वर, एफ ते ए च्या आसपास. उजवा हात तिथेच पडेल असं वाटलं म्हणून. स्वरांचं म्हणाल तर जो नाही तो दिला, आणि सगळेच स्वर कुणा ना कुणाकडे असतील तिथे वरच्यांपैकी एकाचा दुजोरा, म्हणजे त्याचाच स्वर.

करवीरकर
१४ जून, दुपारी ३:४५

ताई, मी कोल्हापूरचा. वडील बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे, मी पण तेच वाजवतो, लग्नात आणि मिरवणुकीत. नोटेशन आत्ता दोन वर्षं शिकतोय. त्यामुळे कोरेली माहीत नाही, पण ती उंची वाचली आणि राहवलं नाही.

तुम्ही त्या माणसाला क्लॅरिओनेटच्या सगळ्यात फिक्या जागेत बसवलंय. आमच्या वाद्याला खालची पट्टी आणि वरची पट्टी अशा दोन खोल्या. मागची चावी अंगठ्यानं दाबली की स्वर आठव्यावर नाही, बाराव्यावर उडतो. त्यामुळे दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावरच्या तीन-चार स्वरांत नळी जवळजवळ सगळी उघडी असते आणि आवाज कोरडा, पोकळ येतो. बी फ्लॅट वाद्यावर कानाला ऐकू येणाऱ्या एफ पासून ए फ्लॅटपर्यंत तेच स्वर. आणि लगेच पुढचा ए घ्यायचा तर सगळी बोटं एकदम झाकायची. संथ तुकड्यात तिथे ये-जा करायला लावलीत तर कोणीही अडखळेल.

वडील सांगायचे, दुसऱ्याला साथ करताना तळघरात जा. खालची पट्टी, मधल्या सी च्या खाली. तिथे आवाज गोल आणि गडद, आणि कितीही हळू फुंकलं तरी टिकतो. एक सप्तक खाली घेऊन बघा.

तळटीप
१४ जून, संध्याकाळी ७:३०

करवीरकर, तुमच्या वडिलांनी सांगितलेलं सोन्यासारखं आहे. त्याला फक्त एक सावधगिरी जोडतो.

क्लॅरिनेट तळघरात गेला की तो बासूनच्या परिसरात येतो. बास कधी चढून वर आला आणि क्लॅरिनेट चुकून त्याच्या खाली गेला, तर बास बदललाच. बासूनच्या ग वर ६ होता. क्लॅरिनेट खाली प वाजवतोय, म्हणजे आता पाया प झाला आणि सगळा मेळ वेगळा झाला. ग्रावेमधला प्रत्येक स्वर बासूनच्या वरच आहे ना, हे एकेक करून तपासा.

आणि दुजोरा देताना दोन स्वर टाळा. टोचणारा स्वर, आणि नी. टोचणाऱ्याला एकच सुटका असते. तो दोघांनी धरला तर दोघांनाही त्याच वाटेनं उतरावं लागतं, आणि ते फार कानात भरतं. नी चं तेच, त्याला सा कडे जायचं असतं.

वेताची_पात
१४ जून, रात्री ९:५५

+१, आणि मी तर म्हणेन की दुजोरा द्यायचाच नसेल तिथे क्लॅरिनेटनं गप्प बसावं. वरच्या दोघांत आणि बासमध्ये मिळून मेळ पूर्ण होत असेल तर चौथा कशाला? ऑर्गनवादकाला गप्प बसणं जमत नाही कारण त्याच्या डाव्या हाताला बास वाजवायचाच असतो. तुमच्याकडे ती सक्ती नाही. त्या जागी क्लॅरिनेटला श्वास मिळेल आणि ऐकणाऱ्यालाही.

पट्टी कोणती ठेवलीय? डी मेजर म्हणजे बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी ई मेजर, चार शार्प. ए क्लॅरिनेट असेल तर एफ मेजर, एकच फ्लॅट.

मंद्रसप्तक
१५ जून, दुपारी १२:२०

ए क्लॅरिनेट आमच्याकडे नाही. म्हणून सगळा सोनाटा एक स्वर खाली, सी मेजरमध्ये आणायचा विचार आहे. पण मन धजावत नाहीये. डी मेजर हे व्हायोलिनचं घर. मोकळ्या तारांची ती झळाळी असते, ती पट्टी मोडायची म्हणजे काहीतरी पाप केल्यासारखं वाटतं.

मडगांवकर
१५ जून, संध्याकाळी ५:१०

मोकळ्या तारा तुमच्यापैकी कुणाकडे आहेत? ती झळाळी व्हायोलिनच्या लाकडात आहे, कागदावरच्या डी मध्ये नाही. फुंकणाऱ्यांची झळाळी वेगळ्या ठिकाणी असते, ती शोध. सी मेजर घे खुशाल.

तळटीप
१५ जून, रात्री ८:४०

आणि काकांच्या म्हणण्याला इतिहासाचाही आधार आहे. आज आपण ए चा स्वर ४४० हर्ट्झला लावतो. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर बरोक वाजवणारे बहुतेक गट ४१५ ला लावतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. पण कोरेलीच्या काळात रोमची पट्टी आणखी खाली, ३९२ च्या आसपास होती असं अभ्यासक मानतात. ३९२ म्हणजे आजच्यापेक्षा बरोबर एक स्वर खाली. म्हणजे कोरेलीनं डी लिहून वाजवला तेव्हा रोममध्ये जो आवाज उमटला, तो आपल्या कानाला सी वाटला असता. तुम्ही सी मेजर घेतलंत तर कागदापासून दूर जाल, पण त्या आवाजाच्या जवळ जाल.

आणखी एक गंमत बघा. चेलोचा सगळ्यात खालचा स्वर सी. तो एक स्वर खाली आणला की बी फ्लॅट. बासूनचा सगळ्यात खालचा स्वर कोणता, ते ताई तुम्हीच सांगा.

मंद्रसप्तक
१५ जून, रात्री ९:०२

बी फ्लॅट! अंगावर काटा आला. जणू माप घेऊन शिवलंय.

ठरलं, सी मेजर. उद्यापासून सगळं नव्यानं लिहिते.

शुद्धमध्यम
१६ जून, सकाळी ६:५०

किती शिकायला मिळतंय. पेटीवर मी काल सा-रे, नी-रे, नी सोडून ग, असं दोन हातांनी वाजवून पाहिलं. रे धरून ठेवून वर ग दाबला तेव्हा पोटात गोळा आला, आणि रे चा सा केल्यावर जो सुस्कारा सुटला तो आमच्याकडे कणस्वरावरून षड्जावर टेकताना सुटतो तोच.

मंद्रसप्तकताई, श्वासाचं काय ठरलं? तुमचा तो न थांबणारा बास?

वेताची_पात
१६ जून, रात्री १०:३०

त्यावर मी सुचवतो. एक, बास चढून वर येतो तिथे दोन मात्रांसाठी तो क्लॅरिनेटला द्या. कानाला ऐकू येणाऱ्या डी पर्यंत तो खाली जाऊ शकतो, मधल्या सी च्या खालचा डी. तेवढ्यात तुम्ही श्वास घ्या. दोन, एखादा स्वर गाळा. पण कुठला, ते महत्त्वाचं. जिथे आकडा बदलतोय तो स्वर कधीच गाळू नका. मुक्कामाआधी कोरेलीचा बास पुष्कळदा पंचमावर येतो आणि मग त्याच पंचमाच्या खालच्या सप्तकात उडी मारतो. तो खालचा पंचम गाळला तर मेळ बदलत नाही.

मडगांवकर
१७ जून, सकाळी ११:००

मी सहमत नाही. ती उडी म्हणजे बासचं पाऊल आपटणं. ती काढलीस तर मुक्काम हवेत लटकेल. गाळू नको, आखूड कर. वरचा पंचम पूर्ण लांबीचा वाजवू नको, टेकव आणि उचल, मधल्या क्षणात श्वास घे, मग खालच्या पंचमावर उतर. व्हायोलिनवाले तरी गज न उचलता थोडेच वाजवतात? गजाची दिशा बदलते तेव्हा क्षणभर हवा खेळतेच. तू तो क्षण घे.

बाकी फुंकणाऱ्यांनी असलं संगीत वाजवण्याला लेखकांचाच होकार होता हेही सांगतो. फ्रान्सच्या कुपराँनं १७२२ मध्ये आपले राजदरबारी काँसेर (वाद्यांसाठीच्या रचना) छापले, तेव्हा प्रस्तावनेत लिहिलं की हे हार्पसिकॉर्डवर वाजवा, तसंच व्हायोलिन, फ्लूट, ओबो, व्हिओल आणि बासूनवरही वाजवा. तुझं वाद्य त्यात नावानिशी आहे.

करवीरकर
१७ जून, दुपारी ४:१५

क्लॅरिओनेट नाही का काका त्या यादीत?

मडगांवकर
१७ जून, संध्याकाळी ६:००

नाही रे बाळ. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या डेनर या वाद्यकारानं ते वाद्य अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलं. कोरेली १७१३ मध्ये गेला. पण विवाल्दीनं मात्र दोन ओबो आणि दोन क्लॅरिनेट एकत्र घेऊन कॉन्चेर्तो लिहिलेत. रेकॉर्डिंग मिळेल, शोधून ऐक. आणि तुझ्या वडिलांचं ते तळघर तिकडे उत्रेख्तपर्यंत पोचलं, हे त्यांना सांग.

मंद्रसप्तक
५ जुलै, रात्री ११:३५

मंडळी, तीन गुरुवार झाले. आज पहिल्यांदा ग्रावे सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजवला. डोक्यात अजून तोच घुमतोय म्हणून झोपण्याआधी लिहिते.

सी मेजरनं निम्मे प्रश्न आपोआप सुटले. क्लॅरिनेटला आता डी मेजर, दोन शार्प. त्याची सगळी ओळ तळघरात नेली. तळटीप, तुम्ही सांगितलंत तसा एकेक स्वर तपासला, तर पाच ठिकाणी तो माझ्या खाली गेलेला सापडला. त्यातलं एक ठिकाण असं होतं की मागच्या वेळी तिथे काहीतरी गढूळ वाटत होतं आणि आम्ही ओबोची पात बदलून बघत होतो.

सस्पेन्शनच्या साखळ्या आता अख्ख्या आहेत. पहिली फ्लूट वर, ओबो खाली अशी सुरू होते. मुक्कामानंतर अदलाबदल. ओलांडताना फ्लूट खाली जातोच, तिथे ओबोला मी 'आत ठेव' एवढंच लिहिलं, आणि फ्लूटच्या धरलेल्या स्वरावर छोटी फुगवटी. टोचणी ज्याच्याकडे आहे त्याला सगळ्यांनी वाट द्यायची, असं ठरवलं. ओबोवाली म्हणाली, आता मला माझा स्वर कधी सोडायचा ते वाचावं लागत नाही, फ्लूट डोक्यावर आला की कळतं.

वेताची_पात, ओबोला तुम्ही म्हणालात तशी खरी विश्रांती दोन ठिकाणी दिली. तिथे तिची ओळ क्लॅरिनेट दोन मात्रा उचलतो. तिचा चेहरा आज लाल झाला नाही.

माझा बास. गाळून पाहिलं आणि काका बरोबर निघाले, मुक्काम हवेत लटकला. आखूड केला तेव्हा जमलं. वरचा पंचम टेकवायचा, श्वास, खालचा पंचम. चढत्या जागी क्लॅरिनेट बास घेतो ते मात्र फार सुंदर झालंय. रंग बदलतो, पण चाल मोडत नाही, आणि परत आत शिरताना मला हळूच, त्याच्या स्वराच्या पोटात शिरावं लागतं.

शेवटचा भाग, ६/८ मधला आलेग्रो (जलद भाग), त्याला फारसं काही करावंच लागलं नाही. एकाच विषयाचे एकामागून एक प्रवेश आहेत, आणि वेगवेगळे रंग असल्यामुळे ते व्हायोलिनांपेक्षाही स्वच्छ ऐकू येतात. दुसऱ्या अर्ध्यात तोच विषय उलटा होऊन येतो, चढ होता तिथे उतार. तिथे बाखची आठवण ठेवून क्लॅरिनेटलाही एक प्रवेश दिला, विषयाचा पूर्ण. तो मूळ वहीत नाही, मी घातलाय. राहू द्यावा की काढावा?

मडगांवकर
६ जुलै, सकाळी ९:२५

राहू दे. आणि नोटेशन पाठव, इथे आमच्याकडे एक मुलगा आहे क्लॅरिनेटवाला. व्हायोलिनची एक ओळ मी वाजवीन, फ्लूट मिळेल. पावसात पाती फुगतात म्हणून ओबोवाला गणपतीपर्यंत येणार नाही म्हणतोय, तोवर दुसरी ओळ गायला कुणीतरी शोधतो.

करवीरकर
६ जुलै, रात्री ८:५०

ताई, मलाही पाठवा. फक्त क्लॅरिओनेटचं पान. शेवटच्या भागातला तो प्रवेश कुठून सुरू होतो तिथे पेन्सिलीनं खूण करा.